माझं मशीन, मेहुण्याची झोप

६ जानेवारी, सोमवार. संध्याकाळी.
मेडिकल कार्ड मिळालं, पण फक्त तीन महिन्यांचं. डॉ. कुचेराबाईंनी सही करून हातात ठेवलं. नंतर ऑफिसातून गाड्या सोडणाऱ्या नॅडीनचाही फोन आला की हो राजा, इथे कॉम्प्युटरवर तीनच महिने दिसतायत, पुढचं तू आणि तुझी डॉक्टरीण बघून घ्या.
कार्ड नाही तर ट्रक नाही. सव्वीस वर्षं हेस्टिंग्जहून ओमाहाला गोठवलेलं मांस नेतोय. सकाळी जायचं, रात्रीच्या जेवणाला घरी. अख्ख्या नेब्रास्कात अशी फेरी दुसरी नाही. निम्मे ड्रायव्हर तिच्यावर डोळा ठेवून आहेत. माझी तब्येत विचारतात तेव्हा आवाजात जरा जास्तच माया असते.
कारण काय, तर माझी मान जाड आहे. बाईंनी टेप लावून मोजली. डिसेंबरात वायरी लावून झोपवलं होतं, त्यात म्हणे झोपेत माझा श्वास सारखा अडतो. जागेपणी एकदाही अडत नाही, हे मी निदर्शनास आणलं. दखल घेतली नाही. रक्तदाब, साखर, हृदय, सगळ्याची वाट तिथूनच लागते म्हणे. श्वास अडला की हृदय दचकतं, रात्रभर दचकत राहतं. माझं हृदय दचकणाऱ्यातलं नाही.
आता रोज नाकात हवा ढकलणाऱ्या मशीनचा मुखवटा लावून झोपायचं. किमान चार तास. मशीन स्वतःच क्लिनिकला कळवतं. घरात चुगलखोर आणून ठेवला आहे.
संकल्प: रोज मशीन. रोज चालणं. गोड दालचिनी रोल फक्त खिमा-बीन्सच्या चिलीबरोबर.

७ जानेवारी.
किळसवाणा प्रकार. नाकावर रबर. रबराला जुन्या गरम पाण्याच्या पिशवीचा वास. गाईला दूध काढायचं यंत्र लावतात ते आठवलं, फक्त इथे काही बाहेर निघत नाही, आत भरतात. पोटात हवा गेली. सकाळभर ढेकरा. गालावर पट्ट्यांचे वळ. माल चढवायच्या धक्क्यावरच्या पोराने विचारलं, कुणी बांधून ठेवलं होतं का.
बायको, मार्लिस, नाताळपासून शिवणाच्या खोलीत झोपते. आज म्हणाली, मशीन नीट लावलंस तर परत येईन. तुझा श्वास थांबतो ना, वर्लिन, तेव्हा मी माझाही धरून बसते, तो सुरू होईपर्यंत. पस्तीस वर्षांत एवढं दमायला झालं नव्हतं.
तिला कुणी सांगितलंय धरायला? तिने तिचा घेत राहावा.

१३ जानेवारी.
मुखवटा रोज सकाळी पलंगाखाली सापडतो. मी काढत नाही. तो निघतो.

२० जानेवारी.
क्लिनिकमधून नर्सचा फोन. गोड आवाजात म्हणाली की मिस्टर क्रेगर, रात्रीला सरासरी पन्नासच मिनिटं होतायत, असं राहिलं तर डॉक्टरांना कार्ड वाढवता येणार नाही. मी म्हटलं, पन्नास मिनिटं मी फार मन लावून वापरतो. ती म्हणाली, चार तास, मन कसंही असो.
मशीनची नळी धुवायला घेतली. आतून जे निघालं ते लिहीत नाही. हे फुप्फुसात जातं आणि याला उपचार म्हणतात.

२२ जानेवारी. जेवणानंतर.
उपाय सापडला. तळघरात होता.
ऑरिन. मार्लिसचा थोरला भाऊ. बायको गेल्यापासून आमच्या तळघरात राहतो. तोही ट्रकवालाच. चार वर्षांपूर्वी रक्तदाब आणि साखर यांपायी त्याचं कार्ड गेलं, तेव्हापासून रिक्लायनर आणि टीव्ही. घोरतो असा की घर गरम ठेवणारी भट्टी चालू आहे का बंद ते कळत नाही. पण एकदा झोपला की बैल. तोंडावर काहीही बांधा, हलणार नाही.
त्याला म्हटलं, ऑरिन, तुझी काळजी वाटते रे. माझं मशीन तू वापर. त्याचे डोळेच भरून आले. मग विचारलं की हे डॉक्टरने तुझ्या नावावर दिलंय ना. मी म्हटलं, अरे, बर्फ उडवायचं यंत्रही माझ्याच नावावर आहे, म्हणून तू काय फावड्याने काढतोस? घरात एक असलं की झालं.
पटलं त्याला. एका दगडात दोन पक्षी, त्यातला एक परोपकाराचा.

२ फेब्रुवारी, रविवार.
नर्सचा फोन. अभिनंदन. रात्रीला साडेसात तास! सगळ्या ड्रायव्हरांत माझा आकडा सर्वात चांगला. माझं उदाहरण बाकीच्यांना देऊ का, विचारत होती. मी म्हटलं, द्या. कुणाचं भलं होत असेल तर आपण आड येऊ नये.
चर्चमध्ये प्रवचनाच्या वेळी डोळे मिटून चिंतन करत होतो. मार्लिसने कोपर मारलं. पुढच्या बाकावरच्या ट्रूडीने मागे वळून सांगितलं की वर्लिन, आमेनच्या आधीच तू दोनदा आमेन म्हणालास, आणि तिसऱ्यांदा जे म्हणालास ते चर्चमध्ये म्हणत नाहीत.

११ फेब्रुवारी.
ऑरिन सकाळी सहाला उठून शीळ घालतो. शीळ! रात्रीत तीन-चारदा बाथरूमला उठायचा, तेही बंद. आज शेजाऱ्यांच्या दारचाही बर्फ काढून आला. गाल लाल, दात बाहेर. नाश्त्याला सॉसेजच्या ग्रेव्हीत बुडवलेली मऊ बिस्किटं समोर ठेवली तर म्हणाला, नको गड्या, भूकच तेवढी लागत नाही हल्ली.
मी दोघांची खाल्ली. अन्न टाकणं मला पटत नाही.
माझं सकाळी डोकं दुखतं. कॉफी बदलली असणार. मार्लिस म्हणते तीच आहे. मग पाणी बदललं असणार.

२३ फेब्रुवारी, रविवार.
चर्चच्या सामुदायिक जेवणात सगळे ऑरिनभोवती. ऑरिन, बारीक झालास! ऑरिन, दहा वर्षांनी तरुण दिसतोस! तो सगळ्यांना सांगत सुटला की ही वर्लिनची कृपा. मग सगळे माझ्याकडे वळले. शेवटी पास्टर म्हणाले, तूही विश्रांती घे रे.
मॅकरोनी थंड होती. जेलीच्या सॅलडमध्ये कुणीतरी किसलेलं गाजर घातलं होतं. माणसांना लाज राहिलेली नाही.

५ मार्च.
औषधाच्या दुकानातलं रक्तदाबाचं यंत्र बिघडलेलं आहे. सुपरमार्केटातलंही. फायर स्टेशनवर मोफत तपासतात तिथे गेलो, त्यांचंही. गावात एक यंत्र धड नाही आणि कर मात्र वेळेवर घेतात.
बूट आवळले आहेत. ओल्या बर्फाने चामडं आक्रसतं. पाय सुजलेत असं मार्लिसचं म्हणणं. बोटाने दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. तिने त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बाहेर निघून गेली. नाटकीपणा.

१८ मार्च. घरी आल्यावर.
यॉर्कच्या अलीकडे रस्त्याच्या कडेच्या खाचांवर चाकं गेली. टर्रर्र आवाजाने जागा म्हणजे सावध झालो. वारा फार होता. प्रेअरीवर मार्चमध्ये असतोच. लेनमध्ये परत आलो तेव्हा पुढे पिवळी स्कूलबस. फार पुढे होती. बऱ्यापैकी पुढे होती.
मार्लिसला सांगायला नको होतं. वाऱ्याचा विषय निघाला म्हणून सांगितलं.
ती सिंकपाशी उभी होती. नळ बंद केला. मला म्हणाली की मी बहिरी नाही, वर्लिन. मशीनचा आवाज तळघरातून येतो आणि घोरणं वरून. मी म्हटलं, भट्टीच्या पाइपांतून आवाज फिरतो. ती म्हणाली, तसल्याच बसमध्ये आमच्या शाळेची पोरं असतात, शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांना मी रोज वाढते. तू एकटा मेलास तर मी काळे कपडे घालीन आणि रडीन. पण त्यांतलं एक जरी गेलं तर मी तुला भेटायलासुद्धा येणार नाही. ना तुरुंगात, ना दफनभूमीत.
हे बायकोचं बोलणं? एका वाऱ्यावरून?
उद्यापासून मशीन मागून घेणार.

१९ मार्च.
ऑरिन गाढ झोपला होता. झोपमोड करणं योग्य नव्हे. तपासणी झाल्यावर बघू. तोपर्यंत खिडकी उघडी ठेवून गाडी चालवायची आणि सूर्यफुलाच्या बिया चघळायच्या.

३ एप्रिल, गुरुवार.
तपासणी.
डॉ. कुचेराबाई आधी मशीनचा अहवाल बघून एवढ्या खूश की मी उगाच घाबरलो असं वाटलं. अशी शिस्त मी पाहिली नाही, म्हणाल्या. मग दंडाला पट्टा बांधला. वरचा एकशे शहाऐंशी, खालचा एकशे चौदा. दुसऱ्या दंडाला बांधला. तोही तसाच. साखर जानेवारीपेक्षा वर. छातीला बटणं चिकटवून ठोक्यांची कागदी पट्टी काढली, ती बाईंनी खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिली.
म्हणाल्या, मला कळत नाही. इतकी चांगली झोप मिळूनही ठोके अनियमित पडतायत. म्हणजे भानगड खोलवर आहे. लिंकनच्या हृदयाच्या डॉक्टरांना मी आजच फोन करते. खरं सांगा, मिस्टर क्रेगर, मशीन लावूनही दिवसा झोप येते का?
इथे मला एक गोष्ट सांगता आली असती. पण बाईंचा पुढचा पेशंट बाहेर बसला होता. लोकांचा वेळ खाणं मला आवडत नाही.
कार्ड दिलं नाही.

४ एप्रिल.
नॅडीनचा फोन की राजा, किल्ल्या ऑफिसात जमा कर, जागा मी दोन-तीन आठवडे धरून ठेवते. बदली ड्रायव्हर शोधते. मी म्हटलं, चांगला बघ, माझी सीट पाठीच्या आकाराची झाली आहे.
दोन-तीन आठवडे म्हणजे काहीच नाही. संकल्प: ओट्स. मशीन ऑरिनकडून परत. रोज दोन मैल.
पाऊण ब्लॉक चाललो. टपालपेटीला धरून थोडा उभा राहिलो. दृश्य छान होतं.

९ एप्रिल, बुधवार.
ऑरिनचा रक्तदाब एकशे चोवीस आणि शहात्तर. साखर उतरली. त्याला दोन वर्षांचं कार्ड मिळालं.
कुणाकडून? डॉ. कुचेराबाईंकडून. गावात ट्रकवाल्यांना त्याच तपासतात. मला न सांगता गेला. तुला एकदम आनंदाची बातमी द्यायची होती, म्हणाला. बाईंनी विचारलं की ऑरिन, हे जमवलंत कसं? आणि या पवित्र माणसाने टोपी काढून सांगितलं, डॉक्टर, आमच्या घरी एक मशीन आहे, आम्ही मिळून वापरतो, म्हणजे वापरतो मीच.
त्यावर बाई काय म्हणाल्या, विचारलं. पेन खाली ठेवलं, म्हणाला.
मला या माणसाच्या प्रामाणिकपणाची शिसारी येते.

९ एप्रिल. पुन्हा, थोड्या वेळाने.
बाईंचा फोन. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाल्या, तुमचा अहवाल मी आणखी सहा ड्रायव्हरांना दाखवला. तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी त्या आकड्यांवर भरवसा ठेवून ठरवल्या. मशीनचा हिशोब शून्यापासून सुरू. आणि लिंकनला दाखवेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही, घरच्या गाडीच्याही. मी विचारलं, गवत कापायच्या ट्रॅक्टरच्या? त्यांनी फोन ठेवला.

११ एप्रिल.
नॅडीनला बदली ड्रायव्हर मिळाला. गावातलाच आहे, म्हणाली, अनुभवी आहे, ताजातवाना आहे, आणि तुझ्याच घरी राहतो म्हणजे किल्ल्या द्यायला तुला लांब जायला नको.

१३ एप्रिल, रविवार.
ऑरिनने स्वतःचं मशीन मागवलं आहे, यायला वेळ आहे. तोवर माझं मला परत. मुखवटा साबणाने धुऊन, पुसून, माझ्या उशीवर ठेवला होता. पट्ट्या सैल कर, म्हणाला, आणि पहिले तीन दिवस शिव्या दे, मग सवय होते. मी पण दिल्या, तुलाच.
मार्लिस बघत होती. शिवणाच्या खोलीतून परत येणार का, विचारलं. म्हणाली, आधी आवाज कुठून येतो ते ऐकू दे.

१५ एप्रिल, मंगळवार.
लावला. दोन रात्री. रबर तसंच घाण आहे. काल अडीच तास. आज सकाळी डोकं दुखलं नाही, पण त्याचा अर्थ लावायची गरज नाही.
हृदयाच्या डॉक्टरांची वेळ गुरुवारची, लिंकनला. मार्लिसला शाळेतून सुटी नाही. मला गाडी चालवायची नाही. लिंकन ओमाहाच्या वाटेवरच लागतं. ऑरिन जाताना ट्रकमधून सोडेल. नॅडीनने ड्रायव्हरशेजारच्या सीटवर माणूस बसवायची परवानगी काढून दिली आहे. निघायचं पहाटे पाचला. मला उशीर झाला तर थांबणार नाही, म्हणाला, मांस वेळेवर पोचायला हवं.