इजहारची सहा पानं

जालना

प्रिय ख्वाजा,

त्या लोकअदालतीच्या सकाळी मी अंघोळ करून पोथीचा अख्खा अध्याय वाचला होता. एकही ओवी गाळली नाही. तुझ्या इजहारची फाईल मात्र उघडली नव्हती. सहाच पानांची होती.

नऊ वर्षं झाली त्याला. हसनाबादच्या बाजारात दोन भाजीवाल्यांची मारामारी झाली आणि पोलिसांनी त्यात इजहारचंही नाव घातलं. शाळेत माझ्याच बाकावर बसायचास तू. त्याच हक्काने पोराला घेऊन भोकरदनच्या कोर्टात आलास. "कल्याण, तुझ्या हवाली केलाय. डाग पडू देऊ नको." लोकअदालतीत गुन्हा कबूल केला की किरकोळ दंडावर प्रकरण त्याच दिवशी मिटतं. आम्ही वकील अशी दहा-दहा प्रकरणं दुपारपर्यंत संपवतो आणि त्याला अशिलाची सोय म्हणतो. इजहार सांगत होता, "काका, मी तर सोडवायला गेल्तो." मी म्हणालो, "मास्तर व्हायचंय ना? मंग पाच वर्षं तारखांना चकरा मारतो का? हो म्हण, जल्दी मोकळा हो." तो हो म्हणाला.

गेल्या साली उर्दू शाळेवर त्याची निवड झाली, तेव्हा त्याने मला फोन केला होता. हे तुला ठाऊक नाही. फॉर्मवर 'कधी शिक्षा झाली आहे का' असा रकाना आहे, काय लिहू, म्हणाला. मी एका जामिनाच्या घाईत होतो. "दंडाला कोण शिक्षा म्हणतं? नाही लिही," एवढं बोलून फोन ठेवला. पोलीस पडताळणीत ती दंडाची शिक्षा निघाली आणि माहिती लपवली म्हणून नेमणूक गेली.

मग तू माझ्याकडे येऊन रडलास. "मारामारी केली ती केली, वर सरकारशी खोटं बोलला. मी न्हाई बोलणार त्याच्याशी." मी तुझ्यापुढे चहा सरकवला. पोरं चुकतात, म्हणालो. पंचवीस वर्षं दुसऱ्यांसाठी बोलतोय मी, ख्वाजा, आणि तिथं गप्प बसलो.

मागच्या महिन्यात जालन्याच्या स्टेशनवर रिक्षात बसलो, तर चालवणारा इजहार. काकूंचा गुडघा कसाय, असं त्यानेच विचारलं. "अब्बा बोलत न्हाईत अजून, पण मी आल्याशिवाय जेवत न्हाईत," म्हणाला. फोनचं घरी का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. आरशात बघून हसला. "तुमची दोस्ती माझ्याआधीची हाय, काका."

दुसऱ्याच दिवशी मी जुन्या फाईलच्या नकलेसाठी अर्ज केला. चौथ्या पानावर मार खाल्लेल्या माणसाचाच जबाब आहे: "इजहार मधे पडला म्हणून मी वाचलो." तुझा पोरगा पहिल्यापासून खरंच बोलत होता. दोन्ही वेळा खोटं त्याच्या तोंडी मी घातलं.

काल मी प्रतिज्ञापत्र केलं. फाईल न वाचता गुन्हा कबूल करायला लावला आणि फॉर्मवर 'नाही' मीच लिहायला सांगितलं, हे दोन्ही त्यात आहे. माझी वकिलीची सनद राहते की जाते, ते पुढचं पुढं. आता मी साक्षीदार, म्हणून इजहारच्या वकील वंदनाबाई आहेत. त्याने त्यांच्या अर्जावर सही केली. तुला सांगायचं काम मात्र मी मागून घेतलं. आज अकरा वाजता त्याची शिक्षा रद्द करण्याचा अर्ज माझ्या प्रतिज्ञापत्रासह जिल्हा न्यायालयात दाखल झाला.

तुझाच,
कल्याण