लाइनवर मध्ये कोणी नाही

४ मार्च, सोमवार
आजपासून घरून काम. शुक्रवारी अकरा वाजता ऑफिसातले सायबर सिक्युरिटीसाहेब माझी इंटरनेटची लाइन तपासणार. पास झाले तर कायम घरून. नाहीतर पुन्हा दोन बस बदलून भोंग्याच्या शेजारी. भोंगा म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सहकारी. फोनवर असा बोलतो की फोनची गरजच नाही.
मी नापास होत नाही.

सायं. ५.२०
घरात अकरा ठिकाणी सिग्नल मोजला. सर्वोत्तम जागा खिडकी. टेबल तिथेच मांडलं. बरोबर खाली टेलरकाकांचं दुकान. मशीनची खडखड. म्हणून बाहेरचा आवाज बंद करणारा हेडफोन घेतला. कानाला लावला की जग संपतं. स्वतःचा आवाजही येत नाही. अप्रतिम वस्तू.

५ मार्च, मंगळवार
इंटरनेट फोन सुरू! पूर्ण एन्क्रिप्टेड. प्रत्येक कॉलला दोन्हीकडच्या स्क्रीनवर तेच चार आकडे येतात. ते एकमेकांना वाचून दाखवायचे. जुळले की मध्ये कोणी नाही याची खात्री.
पहिला कॉल गादी कंपनीशी. त्यांची वेबसाइट मी करते. नवी घडीची गादी अजून अत्यंत गुप्त. दीड तास चर्चा. आई दारात उभी राहून हाताचा पंजा वरून खाली, वरून खाली करत होती. मी पंखा कमी केला. तरी तेच. बंद केला. आई कपाळाला हात लावून गेली.

६ मार्च, बुधवार
दूध आणायला उतरले. टेलरकाका म्हणाले, ताई, ती गादी मधोमध दुमडते म्हणता, मग खोळ एका तुकड्यात कशी बसेल? चेन लावायला सांगा त्यांना.
लाइन फुटली आहे.
काका साधे दिसतात. असे लोक साधेच दिसतात.
राउटरचा पासवर्ड चोवीस अक्षरी केला. अधूनमधून येणाऱ्या भाऊजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, फोन नेटवर्कमधून हाकलला. टीव्हीही. आई म्हणाली, अगं, त्या बिचाऱ्या टीव्हीने काय केलंय, मी कालपासून तुला सांगतेय की तू... तेवढ्यात कॉल आला. हेडफोन लावला.

७ मार्च, गुरुवार
समोरच्या इमारतीतल्या डॉक्टरीणबाईंनी भर रस्त्यात विचारलं, गादीवाल्यांनी करारावर सही केली का हो? सोमवारी करणार म्हणत होते ना?
म्हणजे टोळी आहे. सुशिक्षित टोळी.
फायरवॉल पुन्हा बांधली. एकूण कुलपं सात. आई येऊन खिडकी लावून गेली. काच मध्ये आली की सिग्नल चार टक्के पडतो. उघडली. आईला तंत्रज्ञान समजावणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे.

८ मार्च, शुक्रवार, स. १०.५५
सगळं सज्ज. काल्पनिक हल्लेखोराची कीव येते.

११.४०
साहेब म्हणाले, मॅडम, इतकं कडक कॉन्फिगरेशन आमच्या अख्ख्या विभागात नाही. मी नम्रपणे आभार मानले. मग आकडे वाचले. सहा, दोन, नऊ, सात. ते म्हणाले, जरा तुटलं, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितले. ते म्हणाले, जुळले, पण तुमच्या लाइनवर कोणी पुरुष बोलतोय. मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या अशक्य. ते म्हणाले, तोही आकडे सांगतोय.
हेडफोन काढला.
खालून टेलरकाका ओरडत होते, अहो साहेब, सहा-दोन-नऊ-सात! पोरगी घसा फोडून सांगतेय, लिहून घ्या की! समोरच्या गॅलरीतून डॉक्टरीणबाईंनी दुजोरा दिला. दारात आई. पंजा वरून खाली.
साहेबांचा अहवाल दोन ओळींचा. लाइन सुरक्षित. बोलणाऱ्या व्यक्तीला एन्क्रिप्शन नाही.
दोष हेडफोनचा आहे.

११ मार्च, सोमवार, दु. ३.१०
ऑफिस. शेजारचं टेबल रिकामं. भोंग्याने जागा बदलून मागितली म्हणे. कारण विचारलं नाही.
आईचा फोन आला. घर कसं भकास वाटतंय म्हणाली. टेलरकाका दोनदा वर येऊन गेले, सही झाली का विचारत होते. मी तोंडावर हात धरून, अगदी कुजबुजत सांगितलं, की झाली.
तीन टेबलं पलीकडून भोंग्याने अभिनंदन केलं.