साक्षीदार बुधवाऱ्यातच ठेवला

१२ सप्टेंबर, शुक्रवार
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या माणसांच्या रोजनिशा पुढे कामाला येतात. मोतीरामशेठनी आज मीटिंगमध्ये सांगितलं, जसोंडीला केळी पिकवायचे आपले चार चेंबर आहेत, त्यांचा कारभार नव्या सर्व्हरवर आणा, दसऱ्यानंतर कंपनीचा आयटी हेड जाहीर करतो. बोलताना माझ्याकडेच पाहत होते. शेजारी ज्युनिअर इंजिनिअर तृप्ती बसली होती, तो भाग वेगळा. घरी बायकोला, पूनमला सांगितलं. तिने लगेच तिच्या आईला सांगितलं. झालंच म्हणायचं.

१४ सप्टेंबर, रविवार, सकाळी
क्लस्टरचे, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या सर्व्हरच्या गटाचे, प्रकार वाचले. दोन नोडचा, तीन नोडचा आणि एक लांबवलेला, अर्धा इथे अर्धा तिथे. नोड म्हणजे एक सर्व्हर. हल्ली त्या एकाच डब्यात स्टोरेज, नेटवर्क सगळं येतं. तीन नोड जास्त सुरक्षित म्हणे. भित्र्यांसाठी असतील. आपण दोन घेणार, एक बुधवारा पेठेतल्या ऑफिसात, एक जसोंडीत. एक बसला की दुसरा सांभाळतो. निम्मं वाचून उरलेलं आपोआप समजलं.

१७ सप्टेंबर, बुधवार
तृप्तीने फाटे फोडले. दोन नोडना एक साक्षीदार लागतो म्हणे, छोटं मशीन, तिसऱ्या जागी. नोडांचा संपर्क तुटला की साक्षीदार ज्याच्या बाजूने, तो चालू राहतो. एकटा पडलेला स्वतःहून थांबतो, नाहीतर दोघंही मालक बनून डेटाची वाट लावतात. तिने इतवारा पेठेतलं आपलं गोदाम सुचवलं. मी मोठ्या मनाने साक्षीदार मान्य केला. फक्त इतवाऱ्यात गाडी लावायची पंचाईत, म्हणून बुधवाऱ्यातच, पहिल्या नोडच्या डोक्यावर ठेवला. स्विचही एकच. ती म्हणाली, "सर, दोघं एकाच घरचे झाले ना." मी म्हटलं, घरचा माणूस विश्वासाचा असतो. तिने लॅपटॉप मिटला. पटलं असावं.

२२ सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना
चारही चेंबर सर्व्हरवर आले. लोटूभाऊ तिथे वीस वर्षं केळी पिकवतात. त्यांचे कूलिंगचे हाताचे स्विच काढून टाकले. एक तरी राहू द्या म्हणून मागे लागले होते. जुनी माणसं. संकल्प: नऊ दिवस उपवास आणि मॅन्युअल पूर्ण वाचणे.

२५ सप्टेंबर, गुरुवार
उपवास मोडला. शेठनी मावा जिलेबी स्वतः पुढे केली, नाही म्हणणं उद्धटपणा. मॅन्युअल अनुक्रमणिकेपर्यंत झालं. अक्षर फार बारीक आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी, दुपारी
आज हत्याराला विसावा. शेठ या बाबतीत कडक. लोटूभाऊ कोयते मांडतात, मग आपण मागे का? ऑफिसचा मेन स्विच पाडला, सर्व्हरला हळदकुंकू, झेंडूचा हार. शेठ दोन मिनिटं हात जोडून उभे. केळीचं काय, विचारलं. म्हटलं, जसोंडीचा नोड एकटा समर्थ आहे. तृप्तीला सुट्टी, त्यामुळे कोणी शंका काढली नाही. मोबाइल हेही आपलं हत्यारच; बंद करून पाटावर ठेवला. आता उद्याच उचलायचा.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा
मोबाइल चालू केला. लोटूभाऊंचे एकतीस मिस्ड कॉल, तृप्तीचे एकोणीस. जसोंडीच्या नोडला ना जोडीदार दिसला ना साक्षीदार, म्हणून तो थांबला. कूलिंग बंद. लोटूभाऊ दारं उघडून ओली पोती टाकत बसले. शेवटी तृप्तीने चौकीदाराला उठवून बुधवाऱ्याचं कुलूप काढवलं, स्विच चालू केला. तीन चेंबर वाचले. चौथ्यातली केळी चमच्याने खावी लागतील.

मी शेठना समजावलं की क्लस्टर अगदी पुस्तकाप्रमाणे वागला, थांबायला हवं तेव्हा थांबला. लोटूभाऊ मध्येच म्हणाले, "साहेब, मशीनले आराम दिला ते ठीक. पण केळी काय पंचांग पाहून पिकते का?" गडी माणसं हसली. शेठ हसले नाहीत. सोनं वाटताना तृप्तीला आधी दिलं. वयाने लहान म्हणून असेल.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
आयटी हेड तृप्ती. शेठना तरुण चेहरा हवा होता, सरळ आहे. मला जसोंडीची खास जबाबदारी: दर तासाला चेंबरचं तापमान लिहिणे. अशी कामं भरवशाच्या माणसालाच देतात. पूनमने विचारलं, आईला काय सांगू? म्हटलं, बदली झाली सांग. तिने फोन बाजूला ठेवला. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

६ ऑक्टोबर, सोमवार, जसोंडी
रजिस्टर अजून आलेलं नाही. तोवर आकडे याच वहीत.
सकाळी ८. १७, १८, १७, १७.
सकाळी ९. १७, १७, १७, १७.
सकाळी १०. चहाला गेलो होतो. अंदाजे १७.
दुपारी ४. लोटूभाऊ म्हणाले, मॅडमनी तपासायला मागवली, आणि वही हातातून घेऊनच गेले.
संध्याकाळी ६. वही परत आली. तृप्ती मॅडमची सही प्रत्येक पानावर आहे. १२ सप्टेंबरपासून.