उत्तरेकडे तोंड केलेला भोंगा

लिहून ठेवणार: मार्तंड वामन अणदूरकर, वय ७०, एसटीचा निवृत्त वाहतूक नियंत्रक, राहणार कर्मचारी सोसायटी, घर क्रमांक १४, धाराशिव.

हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने, माझ्या घरी, दिवसाउजेडी लिहीत आहे. माझ्यावर कोणी बळजबरी केलेली नाही. आमच्या घरात माझ्यावर बळजबरी करू शकेल अशी एकच व्यक्ती आहे आणि ती सध्या अंगणात शेंगा सोलत बसली आहे. येत्या गुरुवारी सोलापुरात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉ. अस्मिता देशमाने यांनी तपासून माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला दिला आहे. त्यांना शंका आहे ती हृदयाबद्दल, डोक्याबद्दल नाही. दाखला सोबत जोडला आहे. वकिलांनी टाइप केलेला मसुदा दिला होता. तो चोख आहे, पण त्यात मी मला कुठेच सापडलो नाही. म्हणून कलमे त्यांची ठेवून बाकीची बडबड माझी घालतो आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मुलगी वैदेही हिने करावी.

१. राहते घर माझ्या पश्चात माझी पत्नी चारुशीला हिच्या हयातीपर्यंत तिचे राहील. तिच्यानंतर मुलगा अनिरुद्ध आणि मुलगी वैदेही यांनी ते सारखे वाटून घ्यावे. जिन्याखालच्या खोलीत बालाघाट फुटबॉल क्लबच्या जाळ्या, चेंडू आणि चुन्याची पोती असतात. अनिरुद्ध पुण्याला असतो आणि या सगळ्याला 'बाबांचा टाइमपास' म्हणतो. त्याने ती खोली भाड्याने देण्याचा विचार मनात आणू नये. आणला तर वैदेहीने मला स्मरून त्याला फोन करावा.

२. बँकेतील ठेव आणि जे काही शिल्लक असेल ते सर्व चारुशीलाचे. आकडे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत, म्हणून इथे लिहीत नाही.

३. माझ्या वह्या वैदेहीला. त्या कसल्या, हे सांगायला हवे, नाहीतर ती रद्दीत घालेल.

मी एकतीस वर्षे बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसलो. परंडा गाडी लागली का, कळंब गाडी गेली का, कुर्डुवाडीला उभे राहून जावे लागेल का. लोकांनी विचारायचे आणि मी सांगायचे. मला काही विचारायची पाळीच आली नाही. निवृत्त झालो आणि ती सगळी हौस बाहेर पडली. दूधवाल्याला म्हशीबद्दल, शिंप्याला गुंडीबद्दल, जो सापडेल त्याला काहीबाही विचारत सुटलो. चारुशीला म्हणाली, "लोक रस्ता बदलायला लागलेत."

त्याच सुमारास भागवत सरांनी आमच्या सोसायटीमागच्या मैदानावर फुटबॉल क्लब काढला. भागवत मेंढपाळाच्या घरातला, शाळेत खेळाचा शिक्षक. माझा खिडकीतला आवाज त्याने लहानपणापासून ऐकलेला, म्हणून भोंग्यावर बोलायला मला घेऊन गेला. घरच्या मैदानावरचा पहिला सामना परंड्याशी होता. बघायला नऊ माणसे आली. मी प्रत्येकाला विचारले, का आलात? एक म्हणाला, इथे मोबाईलला रेंज येते. एकाला सावली हवी होती. दोघांची गाडी चुकली होती. एकाने मलाच विचारले, "खेळ कसला हाय हा?" पहिल्या वहीचे पहिले पान तेच आहे.

मग आम्ही बोर्ड लावले, पत्रके वाटली, रिक्षा फिरवली. प्रवेश फुकट. तरी तीस-चाळीसच्या वर आकडा जाईना. पोरे जीव तोडून खेळत आणि गोल झाला की टाळी फक्त माझ्या माईकमधून ऐकू येई. मी दारोदार जाऊन उलटा प्रश्न विचारू लागलो, का येत नाही? लोक म्हणत, वेळ नाही, ऊन आहे, क्रिकेट असते तर आलो असतो. सगळे लिहून घेतले आणि एकही उत्तर मला खरे वाटले नाही.

खरे उत्तर दिले ते भागवतच्या आईने, हरणाबाईंनी. स्वतःचा मुलगा क्लब चालवतो आणि ही बाई एकदाही मैदानावर आली नाही, याचे मला फार नवल वाटे. मी विचारले. त्या मेंढरांना पाणी पाजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला कुणी बोलिवलंय व्हय?"

मी म्हटले, "अहो, बोर्ड लावलाय की चौकात."

"बोर्ड चौकाला लावलाय. मला न्हाय. आमी काय बिनबोलावता कुणाच्या दारात जातो काय, सायेब?"

मला खिडकी बंद करून उठावेसे वाटले, इतके ते सोपे होते. या गावात बारशाला, जावळाला, घरभरणीला, कुठेही माणूस आगंतुक जात नाही. फुटबॉललाच तो का यावा?

दुसऱ्या दिवसापासून चारुशीला आणि मी रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता घेऊन निघालो. लग्नाला बोलावतात तसे दारात उभे राहून, घरातल्या थोरांचे नाव घेऊन सांगायचे, रविवारी चार वाजता आपल्या मैदानावर तुळजापूरशी सामना आहे, सगळ्यांनी यायचे. चारुशीला बायकांना हळदीकुंकू लावायची. लोक आधी हसले, मग अक्षता हातात घेतल्यावर गंभीर झाले. त्या रविवारी हरणाबाई अकरा बायका घेऊन आल्या आणि सगळ्यांनी नवी लुगडी नेसली होती. एकूण माणसे चारशे बारा. बायका बसल्या म्हणून पुरुषांनी शिव्या आवरल्या, पुरुष थांबले म्हणून चहावाला आला, चहावाला आला म्हणून उरलेले आले. हा सहा वर्षांपूर्वीचा डिसेंबर. मध्ये साथीची दोन वर्षे फुकट गेली, तरी आता घरच्या सामन्याला दोन हजार माणूस सहज होतो आणि दर मोसमाच्या सुरुवातीला आमची अक्षत उशिरा गेली तर लोक फोन करून विचारतात, आमच्यावर राग आहे का?

४. अक्षतांची पितळी वाटी हरणाबाईंना. यापुढे मोसमाचे बोलावणे त्यांनी करावे. बोलावताना कुणाचे घर राहू देऊ नये. मी हे का लिहितो ते कलम ७ मध्ये येईल.

५. ॲम्प्लिफायर, माईक आणि दोन्ही भोंगे क्लबला. एका भोंग्याचे तोंड मैदानाकडे आहे आणि दुसऱ्याचे उत्तरेकडे, जिकडे एकही प्रेक्षक बसत नाही. नवीन माणसाने तो चुकीचा समजून फिरवू नये.

६. तीन वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला आमच्याविरुद्ध पेनल्टी देणाऱ्या पंचांना मी माफ केले आहे, असे लिहायला चारुशीलाने सांगितले. लिहिले. पेनल्टी नव्हती.

माझ्या जाण्यामुळे घरचा सामना पुढे ढकलू नये. दोन हजार माणसांना बोलावून परत पाठवणे शोभत नाही.

७. मैदानावरची माझी लाकडी खुर्ची बंडप्पा गुरुलिंग कोरे, राहणार घर क्रमांक १७, यांना द्यावी. ही माझी खिडकीतलीच खुर्ची. ऑफिसात नवीन खुर्च्या आल्या तेव्हा मी ही मागून घेतली.

बंडप्पा एसटीत ड्रायव्हर होता. मी गाडी पुकारायची आणि त्याने काढायची, असे आमचे बावीस वर्षे चालले. आमच्या दोन्ही मुलांच्या लग्नात पंगतीत वाढायला तो होता. मैदानावरचा पहिला खांब आम्ही दोघांनी रोवला. ज्या डिसेंबरात चारुशीला आणि मी सगळ्या गावाला अक्षत दिली, त्या वेळी त्याच्या दारावरून आम्ही दोनदा गेलो. आत गेलो नाही. घरच्या माणसाला कसली अक्षत, असे मला वाटले. वाटले असेही म्हणता येणार नाही, तो विचारच आला नाही.

सामन्यानंतर त्याच्या बायकोने, पार्वतम्माने, चारुशीलाला सांगितले की बंडप्पा इस्त्रीचा सदरा घालून तीन वाजेपर्यंत पलंगावर बसला होता. मग सदरा काढून घडी घातली. पुढच्या सामन्याला येईल, असे मी धरून चाललो. तो आला नाही. रस्त्यात भेटला तर मान हलवायचा आणि पुढे जायचा. मग मीही फुगलो. पुढच्या मोसमात त्याच्याकडे अक्षत घेऊन जायचे म्हणजे आधीची चूक कबूल करणे आले, म्हणून तेव्हाही टाळले, आणि पुढे टाळणे सवयीचे झाले. बायकांच्या वाट्या इकडून तिकडे जात राहिल्या. आम्ही दोघे सहा वर्षे बोललो नाही.

त्याच्या गच्चीवरून मैदान दिसत नाही, मध्ये पाण्याची टाकी आहे. चार वर्षांपूर्वी पार्वतम्मा आमच्याकडे विरजण मागायला आली आणि जाता जाता म्हणाली, "तुमचा भोंगा आमच्याकडं पाठ करून का लावलाय वैनी? ह्यांला गोल झालेला कळतो, कुणी केला त्ये कळत न्हाय." मी आतल्या खोलीत होतो. दुसऱ्या दिवशी पदरचा दुसरा भोंगा आणून खांबावर चढवला आणि त्याचे तोंड उत्तरेला केले. तोपर्यंत मी फक्त नावे आणि गोल सांगायचो. त्या दिवसापासून चेंडू कुणाच्या पायात आहे, कुठल्या कोपऱ्यात आहे, ढग आले आहेत का, हरणाबाई कुणावर ओरडल्या, सगळे सांगू लागलो. लोक माझ्या समालोचनाचे कौतुक करतात. त्यांना वाटते ते त्यांच्यासाठी आहे. ज्यांना मैदान समोर दिसते आहे त्यांना ढग कशाला सांगू?

तरी, माझ्यानंतर घरचा जो पहिला सामना असेल, त्याची अक्षत वैदेहीने स्वतः बंडप्पांच्या घरी जाऊन द्यावी आणि माझे चुकले, असे माझ्या वतीने सांगावे.

८. कलम ७ रद्द. कारण देतो.

चारुशीलाने शेंगा ठेवून हे सगळे वाचले. चष्मा पुसला आणि म्हणाली, "मेल्यावर बोलावणार त्यांना? आणि ते आले तर शेजारी कोण बसणार, मी?" मग तिनेच वाटीत अक्षता काढल्या. घर १४ ते घर १७ तीस पावले आहेत. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटले होते, पावलांबद्दल काही म्हटले नव्हते.

दार पार्वतम्माने उघडले. "या भावजी," म्हणाली, जसा मी कालच येऊन गेलो होतो. बंडप्पा पलंगावर होता. माझ्या हातातली वाटी बघून म्हणाला, "कुणाचं लगीन काढलंस?"

"रविवारी कळंबशी सामना आहे," मी म्हटले. "चार वाजता. तुम्ही दोघांनी यायचं."

मग जो प्रश्न मी गावातल्या प्रत्येक दारात विचारला होता तोच तोंडातून आला. "बंडप्पा, तू सामन्याला का येत नाहीस?"

"येवढं इचारायला सहा वर्षं लागली व्हय?" तो म्हणाला. "सगळ्या गावाला इचारत फिरलास. कुत्रं सुदिक सोडलं न्हाईस. रोज ह्या दारावरनं वह्या घिऊन जायचास. म्या म्हणायचो, आज इचारील. इचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतंस?"

"की तुज्या बोलावण्याबिगर करमत न्हाय, म्हणून."

माझे डोळे भरले आणि मी ते लपवले नाही. त्याने हात पुढे केला. मी अक्षता दिल्या. त्या त्याने सदऱ्याच्या खिशात टाकल्या. रविवारचे विचारले तर म्हणाला, "बघू." आमच्याकडे 'बघू' याचा अर्थ हो, नाही आणि आठवेल तेव्हा, असा काहीही होतो. मी आयुष्यभर चौकशीला बसलो, पण एवढ्या उत्तरावर मला गाडी पुकारता येणार नाही.

दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी होती. मी त्याला विचारले, सही करशील का? तो म्हणाला, वाचल्याबिगर न्हाय. वकिलांना फोन केला. ते म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही द्यायचे त्याची साक्ष घेऊ नका, पुढे वाद होतो. म्हणून खुर्ची मृत्युपत्रातून काढली आहे. ती मी आजच, माझ्या हयातीत, बंडप्पाला देऊन टाकली. भागवतने ती माईकजवळ तशीच ठेवावी. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसेन. लाकडीवर एकतीस वर्षे बसलो, पुरे झाले.

भोंग्यांविषयीचे कलम ५ कायम आहे. माझ्या जागी जो बोलेल त्याने, उत्तरेकडे कोणी ऐकत आहे असे समजून बोलावे.

हे सर्व मी वाचून, चारुशीलाला वाचून दाखवून आणि तिने सुचवलेल्यांपैकी मला पटल्या तेवढ्या दुरुस्त्या करून, खाली दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करत आहे.

ठिकाण: धाराशिव
दिनांक: १५ जानेवारी २०२६, गुरुवार

(सही) मार्तंड वामन अणदूरकर

साक्षीदार १: (सही) डॉ. अस्मिता देशमाने, धाराशिव. लिहून देणार यांनी माझ्यासमोर, पूर्ण भानावर असताना सही केली. त्यांनी जास्त बोलू नये, असा माझा सल्ला आहे.

साक्षीदार २: (सही) बंडप्पा गुरुलिंग कोरे, निवृत्त ड्रायव्हर, घर क्रमांक १७. सगळं वाचलं. सही माझ्यासमोर झाली. रविवारी उत्तरेचा भोंगा मैदानाकडं फिरवून घ्यावा. आमच्या घरी कुणी नसणार.