शांत दिसतात

प्रिय गेसीने ताई,

बाबांना पुरून आल्यावर चहाच्या टेबलाशी तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "हाऊकेनं रोज कळवलं, बाबा अगदी शांत होते. तेवढाच मला आधार." सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते आणि मी कपातली खडीसाखर ढवळत बसलो. आपल्याकडे चहा कोणी ढवळत नाही. तूही ते पाहिलंस.

वृद्धाश्रमात मी कामाला लागलो तेव्हा आमच्या मुख्य परिचारिका तामेनबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "रोजच्या नोंदवहीत आपल्या मनातलं लिहायचं नाही. माणूस कसा दिसतो, तेवढंच." नववीत शाळा सुटलेला मी; प्रत्येक शब्द शब्दकोशात बघून लिहायचो. आपल्या जर्मनमध्ये चेहऱ्यासाठी शब्द काय थोडे आहेत? उदास, खिन्न, हिरमुसलेला, आतुर. सगळे सापडायचे. पण 'उदास' लिहिलं की बाई विचारणार, कशावरून? 'शांत' लिहिलं की कोणी काही विचारत नसे. बाबा आमच्या वृद्धाश्रमात राहायला आल्यावर त्यांच्या नावापुढेही मी तेच लिहू लागलो आणि संध्याकाळी फोनवर तुला वाचून दाखवू लागलो. तू म्हणाली होतीस, "ते उदास दिसले की सांग, त्याच दिवशी निघते." पण भांडण तुझं आणि बाबांचं; मध्ये पडायची मला भीती वाटायची.

बाबांना सगळं कळत होतं. "काय लेखनिकसाहेब, आज माझं तोंड कसं लिहिलंत?" ते विचारायचे. शांत, असं मी सांगितलं की हसायचे. "तुझ्या वहीतला म्हातारा मजेत आहे की रे! त्याला म्हणावं, एकदा इकडे येऊन बस."

दर रविवारी ते कोट घालून, खुर्ची दाराकडे वळवून बसत. दोन कप मांडायला लावत. चार वाजून गेले की आपल्याकडच्या रीतीनं 'पुरे' म्हणून पहिल्याच कपात चमचा ठेवून देत. तीन कप झाल्याशिवाय बाबांनी कधी कोणाला 'पुरे' म्हटलेलं तुला आठवतं? शेवटच्या रविवारी मी किटली उचलली, तर त्यांनी कोऱ्या कपातच चमचा ठेवला. मी लिहिलं: चहा नाकारला. शांत दिसतात.

काल तुझं पत्र आलं. थडग्याच्या दगडावर नावाखाली 'शांत' कोरायचं, शुक्रवारपर्यंत पाथरवटाला सांग, असं तू लिहिलं आहेस. मी त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. ताई, तो शब्द कोरायला नको. तो बाबांचा नाही, माझ्या वहीतला आहे. नाव आणि तारखा पुरेत. तू मला माफ केलं नाहीस तरी चालेल, पण दगडावर तरी चुकीचं नको. ते कसे दिसत होते, ते आज पहिल्यांदा नीट लिहितो. बाहेर गाडी थांबली की मान वर करायचे. तुझी वाट बघत होते, आणि ते मला रोज दिसत होतं.

तुझाच,
हाऊके