टोपलीतून पडलेल्या विदादअब्लास

शुब्रा, कैरो
बुधवार, दुपारच्या चहानंतर

आदरणीय थोरली बहीण विदादअब्ला हिच्या सेवेशी, धाकटा भाऊ हिल्मी याचा आदराचा सलाम. तुझ्या भावजयीचा, सनियाचाही सलाम (तिने तीनदा लिहायला सांगितले आहे. हा पहिला, उरलेले दोन तूच मोजून घे). इकडे अल्लाहच्या कृपेने सगळे ठीक. माझा रक्तदाब डॉक्टरला आवडेल इतका आहे, सनियाचा खांदा तिच्या आवडीच्या कामांना दुखत नाही, बाकीच्यांना दुखतो. तुझे गुडघे कसे आहेत? साखर? कॅनरी गातो का, की अजून रुसून बसला आहे? आणि मुख्य म्हणजे, तुला फार लागले तर नाही ना? हा प्रश्न बहिणीला पत्रातून विचारण्याची वेळ या शहरात दुसऱ्या कोणावर आली नसेल. पण मागच्या शुक्रवारच्या आधीच्या शुक्रवारी तू माझ्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून, म्हणजे सात मीटर चाळीस सेंटिमीटरवरून (मी नंतर फीत लावून मोजले, जमीन मोजणी खात्यातली चौतीस वर्षे काही वाया गेलेली नाहीत) रस्त्यावर पडलीस. तेव्हा विचारपूस करणे माझे कर्तव्य आहे.

तू म्हणशील, मी तर इस्मायलियात माझ्या सोफ्यावर बसले होते. कबूल. पण टोपलीत तूच होतीस. आम्ही दोघे तुझ्याशी फोनवर बोलत होतो, तुझा चेहरा पडद्यावर, चष्मा नेहमीसारखा कपाळावर. तेवढ्यात सनियाला चीज आणि अंडी हवी झाली म्हणून तिने बाल्कनीतून दोरीने खाली सोडायची टोपली काढली, आणि तू विचारलेस, "खाली दुकानात अम्म बयूमी आहे का गं? किती वर्षं झाली त्याला बघून!" सनिया म्हणाली, "मग जा की खाली, भेटून ये." आणि तिने फोन सरळ टोपलीत ठेवला, पडदा वर करून, खाली मऊ लागावे म्हणून टॉवेलही घातला (तुझ्या पाठीला). दोरी माझ्या हातात दिली, कारण खांदा. चार मजल्यांखाली बयूमी टोपी काढून, केसांवरून हात फिरवून उभा. एकोणीस वर्षे आम्ही त्याच्याकडून टोपलीने माल घेतो. एवढी मौल्यवान टोपली वरून खाली येण्याची त्याच्याही आयुष्यातली पहिलीच वेळ.

आणि तिसरा मजला गेल्यावर, दुसरा येता येता, तू टोपलीतून ओरडून तो प्रश्न विचारलास. अब्ला, तुझी ही सवय लहानपणापासूनची आहे. महत्त्वाचे बोलणे तू नेहमी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकल्यावर बोलतेस. लग्न ठरल्याचेही तू मला जिन्यात सांगितलेस. तर तू ओरडलीस, "हिल्मी, मी कायमचीच तिकडे राहायला आले तर? माझी जुनी खोली आहे का रे अजून?" मी ऐकले. स्पष्ट ऐकले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनीही ऐकले, त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. पण उत्तर देण्याआधी प्रश्न माझ्यापर्यंत कसा पोचला आणि तू जमिनीपर्यंत कशी पोचलीस, हे क्रमाने सांगणे भाग आहे, नाहीतर नकाशा उलटा लागतो. दोरी माझ्या हातात होती. मग ती नव्हती. मधल्या भागाविषयी फॉर्ममध्ये काही विचारलेले नाही (कोणता फॉर्म, ते पुढे येईल), म्हणून मीही इथे लिहीत नाही.

बयूमी जागच्या जागी गोठला. मग फोनपाशी वाकून मयताला म्हणतात तसे दोन शब्द पुटपुटला, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा चार मजले चढून वर आला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात सहा अंडी (अंडी शाबूत!). तुझा आवाज क्षणभर आला, "हिल्मी!" एवढाच, आणि मग पडदा काळा. बयूमीने दोन कप चहा आणि अर्धी बशी बिस्किटे घेऊन आमचे सांत्वन केले. संध्याकाळी त्याच्याच दुकानातल्या फोनवर आसिमचा दमामहून फोन. तुझा मुलगा तुझ्यावर गेला आहे, सलामाच्या आधीच मुद्द्यावर येतो. म्हणाला, "मामा, आई दोन तास बोलत नव्हती. आता म्हणते, मी विचारलं, आणि हिल्मीने दोन्ही हात वर करून मला सोडून दिलं." मी त्याला म्हटले, तसे नाही. तो म्हणाला, मग कसे? बयूमीची तीन गिऱ्हाइके माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटले, पत्राने कळवतो.

आता पत्राला इतके दिवस का लागले ते सांगतो. मी आधी फोन दुरुस्त करायला निघालो. मोबाइलवाल्यांच्या रस्त्यावर एका दुकानात एक गृहस्थ कपाळाला छोटा दिवा बांधून बसले होते. फोन बघून त्यांनी आधी मला खुर्ची दिली, मग पाणी, मग म्हणाले, "हाजी, तुमच्याकडून काय घ्यायचं! आपलंच दुकान समजा." मी मनात म्हटले, किती सज्जन माणूस. मी दोनदा आग्रह केल्यावर त्यांनी सांगितले, नवा पडदा, मूळ कंपनीचा, सात हजार पाउंड. अब्ला, तो अख्खा फोन तू मला पंधराला घेऊन दिला होतास! म्हणजे अर्धा फोन केवळ काच आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात तू, मी, आसिम आणि सगळे जग. मी म्हटले, कमी दर्जाचा? ते म्हणाले, तीन हजार, पण त्यात माणसे जराशी हिरवी दिसतात. मला हिरवी बहीण नको होती. तरी ते पाठीचे स्क्रू काढायला लागले, तोच सनियाने भर दुकानात अशी हाक मारली की समोरचा रसवाला ग्लास सोडून धावत आला. "हात लावू नका! विमा आहे त्याला! बाहेर उघडला तर विमा जातो!"

विमा. आता मला काही शब्द गिळायचे आहेत, तू पाणी घेऊन बस. फोन घेताना तुमच्या इस्मायलियातल्या दुकानात पोऱ्याने विचारले होते, पडद्यासाठी दोन वर्षांची जादा हमी हवी का, आणि तू क्षणात हो म्हणालीस. त्या वेळी मी दुकानात उभा राहून भाषण केले, की माणसाने स्वतःच्या पैशांनी स्वतःच्या संकटाची आगाऊ नोंदणी करावी, हा निव्वळ वेडेपणा आहे, मी हातातून वस्तू सोडणारा माणूस नाही, चौतीस वर्षांत माझ्या हातून एक साखळी हरवली नाही की एक तिपाई पडली नाही. तू पैसे दिलेस आणि म्हणालीस, "तुझ्या हातांवर माझा विश्वास आहे रे, पण रस्त्यावर नाही." मी रस्त्याने टॅक्सीत तासभर तुझी टिंगल केली. ती सगळी टिंगल मी या पत्राने परत घेत आहे, व्याजासकट.

तर आम्ही हमीच्या कचेरीत गेलो. तीन तास रांग, पंखा एक, आणि तोही कर्मचाऱ्यांकडे तोंड करून. खिडकीवर शाहिनाज नावाची मुलगी, नम्र, पण नियमांची पक्की. फॉर्ममध्ये प्रश्न होता: फोन कुठून पडला? हातातून, खिशातून, टेबलावरून, जिन्यावरून. टोपलीतून, असा रकानाच नाही! मी रकाना आखला आणि शेजारी मोजमापासह नकाशा काढला: बाल्कनी, दोरी, टोपली, बयूमी. तिने नकाशा बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "हाजी, नियम असा की फोन ग्राहकाच्या ताब्यात असला पाहिजे. टोपलीतला फोन बेवारस धरतात." बेवारस! मी म्हटले, "पोरी, फोन टोपलीत, टोपली दोरीला, दोरी माझ्या हातात. मग फोन कोणाच्या हातात?" एवढ्यावर अख्खी रांग वादात उतरली. एक आजोबा म्हणाले, दोरी म्हणजे लांब हातच. एक वकील निघाला, तो म्हणाला, टोपली जमिनीला टेकेपर्यंत मालकी वरच्याची, टेकल्यावर खालच्याची. मागून एक बाई म्हणाल्या, "बाळ, तुझी आई टोपली सोडत नाही का?" शाहिनाज लाजली. तिची आई सय्यदा झैनब मोहल्ल्यात पाचव्या मजल्यावर राहते. पण मग तिने शेवटचा प्रश्न विचारला, जो आसिमने विचारला होता, आणि बहुधा तूही रोज विचारते आहेस. "दोरी सुटली, की तुम्ही सोडलीत? मुद्दाम सोडली असेल तर हमी लागू नाही."

यापुढचे कचेरीचे कामकाज तांत्रिक आहे, त्याने तुला कंटाळा येईल. सारांश एवढाच: हमी तुझ्या नावावर आहे, कारण पैसे तू दिलेस, आणि ज्याच्या नावावर हमी त्याने जातीने हजर राहायला हवे, असा त्यांचा नियम आहे. माझ्या हातात काही नाही. तुझा नंबरही त्या मेलेल्या फोनमध्येच अडकला आहे, म्हणून हा कागदाचा उपद्व्याप. तेव्हा तुला कैरोला यावे लागेल. मी तुला तसदी दिली नसती, पण सात हजारांचा प्रश्न आहे. उत्तराची वाट पाहतो. तुझ्या हातांना सलाम.

तुझा धाकटा,
हिल्मी

ता. क. येताना ओळखपत्र आण. मूळ पावतीही. कचेरीच्या कामाला कधी कधी वेळ लागतो, म्हणून थंडीची दुलई आण. औषधे तीन महिन्यांची. शिलाई मशीनही आणलेस तर बरे, पायाने चालणारेच, आणि कॅनरीचा पिंजरा, कारण पक्षी एकटा ठेवणे बरे नव्हे. सामानाला टेम्पो लागला तर बयूमीचा भाचा येईल, त्याला दिवस विचारून ठेवला आहे (शनिवारही चालेल म्हणतो, रविवारही चालेल म्हणतो).

ता. ता. क. तुझी खोली तीन मीटर ऐंशी गुणिले तीन मीटर दहा आहे. माझे नकाशे आणि सनियाच्या लोणच्याच्या बरण्या बाहेर काढल्यावर ती तेवढीच निघाली. चुना दिला आहे. खिडकीखाली मशीन बसते, मी मोजून पाहिले. हे आपले सहज कळवले.

विदादअब्ला, मी सनिया. हे पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय, आणि मी ते उघडलं नसतं तर मी सनिया कसली. तर ऐका. तुमचा नंबर फ्रिजच्या दारावर त्यांच्याच हाताने केवढ्या मोठ्या आकड्यांत लिहिलेला आहे. फोन आठ दिवसांपूर्वीच दुरुस्त होऊन आला, नवा पडदा, एक पाउंड लागला नाही. कुणाला जातीने बोलावलेलं नाही. पावती बिस्किटांच्या डब्यात होती, मीच दाखवली. हे रोज तुमचा नंबर लावतात आणि घंटा वाजायच्या आत बंद करतात. म्हणतात, अब्ला फोनवर म्हणेल, मी गंमत करत होते, आणि मग मला काही बोलता येणार नाही. मी दोनदा लावला, तुम्ही उचलला नाहीत. रागावलात, हक्क आहे तुमचा.

कचेरीतलं तांत्रिक कामकाज काय झालं ते मी सांगते. त्या मुलीने विचारलं, सुटली की सोडलीत? तेव्हा हे माझी पर्स हातात धरून उभे होते, माझा खांदा दुखतो ना. म्हणाले, "पोरी, मी असा उभा होतो. दोरी अशी. खालून माझी बहीण विचारते, राहायला येऊ का. आणि मी असं केलं." आणि त्यांनी दोन्ही हात पसरले, अगदी मिठीत घ्यायला पसरतात तसे, आणि त्या कचेरीत ओरडले, "अब्ला, घर तुझंच आहे!" पर्स फरशीवर आपटली, माझा आरसा फुटला (त्याला हमी नव्हती). ती मुलगी डोळ्यांना रुमाल लावून म्हणाली, "मालकाच्या ताब्यात होता," आणि शिक्का मारला.

तुम्हाला टोपलीतून वर दिसले ते हात हेच. दोरी त्याच हातांत होती, तेवढंच त्यांच्या लक्षात राहिलं नाही. तुमच्या खोलीतला पलंग झटकून ठेवला आहे. शनिवारी या. जिन्याला चार मजले आहेत, पण एका बाजूने मी धरीन, दुसऱ्या बाजूने बयूमी. यांना सामान देऊ नका, आणि पुढे चढायला सांगा, कारण तुम्हाला दारात बघितल्यावर त्यांच्या हातांत काही राहणार नाही.

माझे उरलेले दोन सलाम इथे लिहिते. सलाम, सलाम.