चांगल्या डोळ्याचा तरवा

हैदराबाद, फेब्रुवारी २००४

तीर्थरूप आईला युवराजचा लांबनं नमस्कार. अनुजा, आईला हे मोठ्यानं वाचून दाखव.

आई, ऑपरेशन होऊन महिना झाला. गुऱ्हाळात चुना उडून जळलेला डोळा आता लाल न्हाय. जेवण बरं हाय, नुसता भात लई.

चांगल्या डोळ्याला हात लावू देऊ नको म्हणालतीस. पण बियाणं तिथलंच लागतंय. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बुबुळाच्या कडेचा तिळाएवढा तुकडा काढला, लॅबमध्ये काचेच्या बशीत वाढवला आणि जळक्या डोळ्यावर लावला. आपण भाताचा तरवा टाकतो आणि मग रोप लावतो, तसंच की! मी विचारलं, "त्याला पाणी कोण पाजत हुतं?" म्हणाल्या, "मीच. रोज. रविवारीसुद्धा." असली बाई मी बघितली न्हाय.

तू दिलेला जोतिबाचा गुलाल कपाळाला लावला न्हाय, डोळ्यात जाईल म्हणून. उशीखाली ठेवलाय. रागावू नको. म्हस व्याली का? तू जेवतीस न्हवं?

आता चांगला डोळा हातानं झाकून लिहितोय. ओळ खाली घसरली आसंल. पण आई, अक्षर दिसतंय.

तुझा युवराज